केसातली नोंद

किरुनात रात्री दीडला खाणीत सुरुंग उडतात.
औने निएमी एक पंचवीसलाच जागी.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण नुसतं म्हणतो;
इथं ती सरकते, दर वर्षी थोडी,
लोखंड उपसलेल्या पोकळीकडे.
पालिकेचं पत्र आलंय: घर उचलून पूर्वेला नेऊ,
चाकांवर.

नर्सनं नळी दिली, उठल्या उठल्या थुंका म्हणाली.
पण तोंडचं पाणी केव्हाच पळालेलं.
मग मानेवरची बट कापली.
केस महिन्याला बोटभरही वाढत नाही,
आणि त्यात कॉर्टिसॉल मुरतं,
बरणीतल्या हेरिंगमध्ये मीठ मुरावं तसं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी.
ती मूत्रपिंडांवरच्या टोप्यांना निरोप धाडते: धोका.
त्या बिचाऱ्या विचारत नाहीत, कसला.
रक्तात साखर सुटते, पळायला.
औने कुठं पळणार?
ती छताकडं बघत पडते,
जेवण पोटात तसंच,
अंगठ्यावरची सुरीची जखम
तीन आठवडे झाले, ओलीच.

अहवालात मुळाशी आकडा चढलेला. ते ठीक.
पण मध्येच एक उंचवटा, जूनचा.
‘पत्र तर ऑगस्टमध्ये आलं ना?
जूनमध्ये काय झालं?’

औने बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिली.
‘कुत्रा गेला.
मी काही मनावर घेतलं नव्हतं.’

त्या रात्री खाणीला सुट्टी होती.
एक पंचवीसला डोळे उघडले.
दीड वाजला, काहीच हाललं नाही,
कपाटातल्या बश्यासुद्धा.
छाती तेवढी
वेळेवर धडधडली.