शेवटची बस

येसेनिया हृदय अर्धंच शिकलीय.
मंगळवारी शरीरशास्त्राचा तास सुटतो नऊ चाळीसला
आणि अकरा नंबर निघते साडेनऊला.
डावा कप्पा, उजवा कप्पा, मग झडपा...
झडपांपाशी ती वही मिटते,
फळ्याच्या आड येऊ नये म्हणून वाकून
बाहेर पडते.

यंदा ओळखपत्रावर हिरवा स्टिकर आला:
बस फुकट.
रोजचे साडेतीन डॉलर सुटले.
पहिल्याच आठवड्यात ती कँटीनमध्ये बसून
सूप प्यायली, गरम,
डबा न लपवता.
वेळापत्रकाला मात्र स्टिकर चिकटत नाही.

ऑक्टोबरातलं याकिमा. गोदामांतल्या सफरचंदांचा वास
थेट थांब्यापर्यंत.
ड्रायव्हर वेंडेल एका मंगळवारी
दुखरा गुडघा सांभाळत खाली उतरला,
मागच्या चाकाला बुटानं ठोकलं,
"हवा बघतो," म्हणाला रिकाम्या बसला,
आणि पंधरा मिनिटं बघत राहिला.

आता दर मंगळवारी त्याच चाकाची हवा कमी असते.
डेपोत अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा ती धापा टाकत चढली,
पास दाखवायचा राहिला,
म्हणाली, "चार असतात. झडपा."
वेंडेलनं दार मिटलं.
"त्यातली माझी एक बदललेली आहे,"
म्हणाला,
आणि ब्रेक सोडला.