फाटक

समुद्र गोठला की बेटाकडे रस्ता निघतो,
आठ किलोमीटर, दोन्ही कडांना बर्फात रोवलेल्या फांद्या.
किनाऱ्यावर फाटक, फाटकाशी लाकडी टपरी,
टपरीत बिस्किटांच्या डब्याएवढा कॉम्प्युटर
आणि त्यात मी लिहिलेला प्रोग्रॅम.
गाडी आली की तो जागा होतो,
बर्फाची जाडी विचारतो, गाडीचं वजन विचारतो,
हो किंवा नाही म्हणतो आणि मरतो.
पुढच्या गाडीला पुन्हा जन्म.

पहिल्या हिवाळ्यात मी हात आखडला नव्हता.
थोरल्या घराण्याची, भरली ऑब्जेक्ट-व्यवस्था घेतली:
प्रत्येक गुणाला प्रकार, प्रत्येक प्रकाराला पहारेकरी,
आकड्याच्या जागी अक्षर आलं तर उंबऱ्यावरच हटकणार.
आणि कुठल्याही वस्तूला विचारा, बाई गं, तू कोण, कुणाची,
ती सात पिढ्यांसकट सांगणार.

एवढा लवाजमा उठून उभा राहायला चार सेकंद.
उणे पंचवीसमध्ये चार सेकंद म्हणजे काय
हे औलूच्या ऑफिसात मोजे घालून बसल्यावर कळत नाही.
टपालगाडीचा आर्मस काच खाली करून ओरडला,
"रायली, तुझं यंत्र सौनात बसलंय का?"

साम्पसा तेव्हा नवा होता, सव्वीस वर्षांचा.
म्हणाला, कुलूप उघडायला किल्ली पुरते,
तू लोहाराचं अख्खं दुकान घेऊन फिरतेस.
त्याचं खरं होतं.
एका दुपारी आम्ही सगळं उतरवलं.
राहिलं ते एवढंच: ठेवायचं, काढायचं,
काही नसेल तर काय धरायचं.
पापणी लवायच्या आत फाटक वर.
आर्मसनं राईची भाकरी आणून दिली, अख्खी.

फेब्रुवारीत सेन्सरवर दंव चढलं.
त्यानं आकड्याऐवजी एक रेघ पाठवली, आडवी, साधी.
थोरलीनं हटकलं असतं. ही गरीब स्वभावाची,
हिनं रेघ घेतली, ठेवून दिली,
आणि बेरीज-वजाबाकीच्या वेळी तिला शून्य मानलं.
शून्य जाडीच्या बर्फावर कुणाला सोडणार?
खाली साठ सेंटीमीटर टणक समुद्र, वर फाटक बंद,
आणि फाटकासमोर सुईण हिल्का.
बेटावर एक बाई कळा देत होती.

हिल्कानं मला फोन केला, मग शिवी दिली,
मग टपरीमागची पायानं रेटायची घसरगाडी काढली,
बॅग पुढच्या फळीवर बांधली आणि निघाली.
आठ किलोमीटर. मूल तिच्या आधी दहा मिनिटं आलं,
ठणठणीत. या गोष्टीत कुणी मेलं नाही,
म्हणूनच ती कुणी नीट ऐकत नाही.

मी हातानं एक तपासणी घातली.
मार्चमध्ये दुसरी, वजन उणे आलं म्हणून.
पुढच्या हिवाळ्यात घड्याळाची, मग ट्रेलरची,
मग एक अशी, जिचं कारण मला आता आठवत नाही
पण काढायची हिंमत होत नाही.
हलकी म्हणून घेतलेली, तिच्या अंगावर आता
माझ्या हातची अठरा ठिगळं.
साम्पसा विचारतो, हे कुठे लिहून ठेवलंयस?
मी कपाळावर बोट टेकवते.
मे महिन्यात मी निवृत्त होतेय.

आज बर्फ फुटला. फाटक काढून भिंतीला टेकवलंय,
डबा माझ्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या भांड्याशेजारी.
दोघींना शेजारी शेजारी चालवून बघतेय.
थोरलीला विचारलं, तू कोण?
चार सेकंद. इथे चार सेकंद काहीच नाहीत,
साखरही विरघळत नाही तेवढ्यात.
तिनं सगळं सांगितलं: कुणापासून झाली,
काय बाळगते, काय कधीच घेणार नाही.

मग माझीला विचारलं.
उत्तर लगेच आलं:
एक लांबलचक आकडा, मेमरीतला,
ती राहते कुठे त्याचा पत्ता.
नाव नाही.