पिशवी परत आण

नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवस उरकलेला.
व्होरूच्या वाचनालयात मी टेबलांवर कागद मांडले,
खडू मांडले, आणि राजधानीहून आणलेला प्रश्न:
शाश्वत जगणं म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?
काढा.

पोरांनी पवनचक्क्या काढल्या. पात्यांना पापण्या.
सूर्य सगळ्यांचाच हसरा;
इथे तो तीन आठवड्यांत फिरकलेला नाही.
पतपेढीतल्या काआरेलनं घर काढलं, छतभर पॅनेल,
दारात वायरीला बांधलेली गाडी,
कुत्र्यासारखी शहाणी.
घरात माणूस नव्हतं. विचारलं तर म्हणाला,
"कामावर गेलेत."
लीस आणि तिच्या नवऱ्यानं स्वयंपाकघर काढलं.
फळीवर काचेच्या बरण्या, एका मापाच्या, एका झाकणाच्या,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
"या मिळतात कुठे?" शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं.
सहाचा संच येतो, म्हणाली लीस.

मी फिरत होते, छान छान म्हणत.
मधेच लक्षात आलं,
सगळ्यांच्या कागदावर उन्हाळा आहे.
ओली लाकडं कुणी काढली नाहीत,
विरलेली मोज्याची टाच नाही,
तळघरात बटाट्यांना फुटलेले कोंब नाहीत,
भांडी घासणारा हात तर नाहीच.

हेल्वे कोपऱ्यात बसली होती.
"अख्खा कागद घेऊ?" तिनं विचारलं,
आणि उत्तर यायच्या आत घडी घालून, नखानं दाबून,
चौथाई फाडून घेतला.
त्यावर एक दोरी. दोरीवर काहीतरी लोंबणारं.
मासे? मी म्हटलं. ढग?

"पिशव्या. धुतलेल्या.
उलट्या करून वाळवायच्या,
नाहीतर कोपऱ्यात पाणी राहतं, वास मारतो.
ही चौऱ्याण्णवची. हिच्यावर केळी छापलेली होती.
केळी गेली धुऊन धुऊन. पिशवी आहे."

माझ्या चेहऱ्यावर ते कौतुक उमटलंच असणार,
कारण तिनं खडू खाली ठेवला.
"हे बघ मुली, कोंड्याचा मांडा केला
कारण घरात कोंडाच होता.
दुसरी मिळती तर हिला केव्हाच फेकली असती.
कपडे धुण्याचं यंत्र आलं ना, त्या दिवशी
मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले,
अख्खं धुणं होईपर्यंत, गोल गोल बघत.
ते काढू?"

मी हो म्हणायला हवं होतं.
मी घड्याळ बघितलं.

अहवालात रकाने: ऊर्जा, प्रवास, आहार, इतर.
भिंतीवर सगळी चित्रं लावली तेव्हा
हेल्वेचा तुकडा पाकिटावरच्या तिकिटासारखा दिसला.
उरलेला पाऊण कागद तिनं मागून घेतला,
किराणा लिहायला.

थांब्यावर ती आली, सफरचंदं घेऊन.
गळून पडलेली आहेत, डाग कापून खा, म्हणाली.
बसचं दार मिटता मिटता
काचेवर बोट आपटलं तिनं:
"आणि पिशवी परत आण!"

आता टार्टू मागे गेलं. बाहेर नुसता काळोख, बर्च असतील.
मांडीवर पिशवी.
दिव्यासमोर धरली तर केळ्यांच्या जागी
जरासं पिवळं, की मलाच वाटतंय.
तालिनहून व्होरू अडीचशे किलोमीटर,
जाऊन येऊन पाचशे,
एका पिशवीपायी.
हाच हिशेब मी गावोगाव शिकवते
आणि आज बोटांवर बोटं मोडत बसलेय.

सफरचंद आंबट होतं, चांगलं होतं.
मधला भाग कुठे टाकू?
पिशवीत ठेवला.
मग काढला, कोटाच्या खिशात घातला.
ती ओली होईल.