खाडा

पहाटे साडेतीनला टेम्पो क्रेट टाकून जातो
भांडुपला, कोकणनगरच्या कोपऱ्यावर, आणि मी मोजू लागतो:
गाय चाळीस, म्हैस साठ, टोन्ड तीस.
वीस वर्षं या वस्तीला दूध पाजतोय.
माझ्या पोराला ते चालत नाही.

चालत नाही म्हणजे आवडत नाही, असं नव्हे.
आठ महिन्यांचा होता, आत्यानं कौतुकानं
बोटाची साय चाटवली.
ओठ सुजून पावासारखे झाले,
रिक्षात माझ्या मांडीवर त्याचा श्वास शिट्टी वाजवत होता.

तेव्हापासून मी घरात शिरतो चोरासारखा.
चपला बाहेर, शर्ट बादलीत,
कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश,
मग शर्विलला उचलतो.
तो माझा खांदा हुंगतो. म्हणतो,
"बाबा, आता तू दूध नाहीस."

कोपराच्या वळणात, गुडघ्यामागे, मानेला
त्याची कातडी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटते.
रात्री बायको त्याच्या हातांना पायमोजे चढवते.
तो ते दातांनी काढतो, तेही झोपेत.
खर्र, खर्र.
ऐकत पडायचं. साडेतीनची वाट बघायची.

परळच्या डॉक्टर सिगानपोरियांनी पुड्या लिहून दिल्या.
यात जिवाणू आहेत म्हणाल्या, चांगले.
आतड्यात मुक्काम करतील, जमलं तर
अंगाला शिकवतील, पाहुणा कोण नि चोर कोण.
"म्हणजे विरजणातले?"
"भाऊबंद त्यांचेच."
मला हसूच आलं. रोज चार पातेली दही लावतो मी.
"गुण येईल ना?"
"काहींना येतो, काहींना नाही. खात्री देणार नाही.
मलम थांबवायचं नाही. दूध बंद ते बंदच.
आठ आठवडे बघू."

पहिल्या डबीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
'दुधाचे अंश असू शकतात.'
केमिस्टचं भिंग मागून वाचलं, म्हणून वाचलो.
डॉक्टरांना फोन, दुसरी कंपनी, पुन्हा भिंग.

थंडाव्यात ठेवा, असंही होतं.
माझा सहा फुटी फ्रीज दुकानात, दुधानं भरलेला.
घरातला गणपतीपासून बंद.
पुड्या राहिल्या शिलाईवाल्या मेहरुन्निसाबाजींकडे,
फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी.
संध्याकाळी शर्विल जाऊन सांगतो, "माझे जिवाणू द्या."
त्या दार किलकिलं करून म्हणतात,
"झोपलेत रे. उठवू?"

हिशेबाला मी दुधाचं कोरं कार्ड घेतलं.
एकतीस चौकोन. गिऱ्हाईक दूध घेत नाही त्या दिवशी
आम्ही खाडा मांडतो, महिन्याअखेर पैसे वळते करतो.
मी रात्री मांडल्या.
खाजवलं की रेघ. नाही खाजवलं की खाडा.

ऑक्टोबर: एकतीस रेघा.
पुढच्या कार्डावर, चौथ्या चौकोनात, एक खाडा.
त्या रात्री मी दोनदा उठून
त्याच्या नाकाशी बोट धरलं, इतकं शांत.
मग रेघा. मग सलग तीन खाडे.
मग वर्गात कुणीतरी वेफर वाटले,
मसाल्यात दुधाची भुकटी,
ती रात्र मी रेघ न मारता सोडली,
पेन हातात धरवेना.

आठ आठवड्यांत नऊ खाडे.
डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट पाहिलं.
पुडीनं, की मलमानं, की घामाचे दिवस सरले म्हणून?
"मलाही ठाऊक नाही," म्हणाल्या,
आणि कार्डाचा फोटो काढून घेतला.
पुड्या अजून महिनाभर.

एक तारखेला गिऱ्हाइकं हुज्जत घालायला येतात.
आमचे खाडे जास्त होते, तुम्ही लिहायला विसरलात.
मीही भांडायचो, एकेका पिशवीसाठी.
परवा चौथ्या मजल्यावरच्या नाडकर्णीबाईंनी चार सांगितले.
मी पाच मांडले.