पहाटे तीनची पाहणी

ग्लेंडाकडे फाइल होती.
फाइलीत शाळांना दहापैकी गुण,
बसथांबा किती पावलांवर,
तळघरात पाणी शिरलं होतं का, कधी, कुठवर,
आणि पाच वर्षांत भाव कसे चढले त्याची
लाल पेनाने काढलेली रेघ.
"आठच्या खाली शाळा असेल तर मी शक्यतो दाखवतच नाही," ती म्हणाली,
आणि आमच्या लूकाकडे असं पाहिलं
जसा तोही दहापैकी काहीतरी आहे.

मी त्या रेघेवर भाळलो. खोटं कशाला बोलू.
मारिसेल गप्प. परतताना एवढंच म्हणाली,
"सगळे घर बघतात दुपारी दोनला.
दुपारी दोनला कुठलीही गल्ली शहाणीच वागते."

ती रात्रपाळीची नर्स.
माणूस खरा कसा आहे
ते तिला पहाटे तीनला कळतं,
भेटायला आलेले निघून गेल्यावर,
उशाची घंटा हाताला लागत नाही तेव्हा.

म्हणून विनिपेगचा तो जानेवारी
तिच्या सुट्टीच्या रात्री आम्ही गाडीत काढला.
मागच्या सीटवर लूका झोपलेला, इंजिन चालू,
थर्मासात तिच्या आईच्या पद्धतीचं आल्याचं पाणी,
बाहेर उणे एकतीस.

ट्रान्सकोनात मालगाड्या.
डब्याला डबा धडकला की
थर्मासचं झाकण किणकिणायचं.
"सवय होते," मी म्हणालो.
"सवय कशाचीही होते," ती म्हणाली.
हा होकार नव्हता.

सेंट व्हायटलच्या नव्या वसाहतीत
सगळी घरं एका साच्यातली,
गॅरेज पुढे, माणसं मागे.
साडेतीनला काचेवर टकटक. पहारेकरी.
"काय हवंय?"
मी म्हणालो, "घर."
तो हसला नाही.

नॉर्थ किल्डोननमधली ती गल्ली यादीत शेवटून दुसरी.
शाळा : सहा.
पोर्चचा कठडा एका अंगाला कललेला,
'विकणे आहे'ची पाटी बर्फात गळ्यापर्यंत.
पावणेपाचला शेजारचं दार उघडलं.
म्हातारा. कानटोपी. फावडं.
आधी स्वतःचं नाही,
या रिकाम्या घराच्या पायऱ्या.
चार पायऱ्या, मग रस्त्यापर्यंतची वाट,
कडा इतक्या सरळ, जणू अभ्र्याला इस्त्री.
शेवटी खिशातून मूठभर वाळू टाकली,
बंद दाराकडे बघून मान हलवली
आणि निघून गेला.
स्वतःच्या दारातला बर्फ तसाच.

"थोरार्डसन बाई सप्टेंबरात गेल्या," ग्लेंडाने सांगितलं.
"मुलगा कॅल्गरीला. नाही, त्याने कुणाला नेमलेलं नाही."
मारिसेलने फाइल मिटली.

मी भांडलो. सहा म्हणजे सहा.
पोराचे चार गुण तू कुठून भरून काढणार, विचारलं.
"चार पायऱ्या आहेत," ती म्हणाली.
याला उत्तर असतं तर मी दिलं असतं.

मार्चमध्ये राहायला आलो.
तिसऱ्याच रात्री पुन्हा बर्फ.
मारिसेल पाळीवर. मी स्वयंपाकघरात
खोक्यांतून किटली शोधत होतो, दिवा लावून,
एक कान बाहेर.
पावणेपाच. पाच. आवाज नाही.

खिडकीशी गेलो तर पेनर म्हातारा
त्याच्या पायरीवर उभा, फावडं हातात,
आमच्या उजेडाकडे बघत,
नेहमीच्या वेळेला कामावर यावं
आणि फाटकाला नवीन कुलूप दिसावं, तसा.
घरात आता माणसं होती.
धडधाकट बाप्या होता घरात.

माझं फावडं दारामागेच होतं.
हात गेलाही तिकडे.

मग मी दिवा मालवला.
अंधारात उभा राहिलो, श्वास धरून,
या घरात अजून कुणीच आलेलं नाही असा.

बराच वेळ.

मग खर्र.
पहिली पायरी.