निळी रेषा

आनंदवल्लीतली आमची सोसायटी, बेचाळीस घरं.
सकाळच्या सभेत ठराव आला :
नऊ नंबरच्या तडवीबाईंचं पाणी तोडा.
कारण, सुकटीचा वास. लिहिलं तरी असंच.
बाई सिव्हिलची रात्रपाळी करून आलेल्या,
खुर्चीतच डुलक्या घेत होत्या.
एक्केचाळीस हात वर.
त्यांत माझा.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो.
बत्तीस वर्षं गोदावरीच्या काठानं
निळी रेषा ओढत आलो : इथून पुढे बांधू नका.
सह्यांचे गठ्ठे घेऊन लोक यायचे,
"अख्ख्या वॉर्डाचं म्हणणं आहे, साहेब."
मी म्हणायचो, रेषा भर उन्हाळ्यात आखलीय,
नदी घोट्याएवढी आणि डोकी थंड असताना.
पुरात कोण आखतं?

चिटणीस खैरनारांनी बोटाला थुंकी लावली,
उपविधींचं पान उलटलं.
"हा ठराव होत नाही."
"बहुमत आहे की!"
"आहे. तरी होत नाही."
"कुणी केला हा नियम?"
"पहिल्या सभेत आपणच स्वीकारलाय. ही तुमची सही."
मग चहा आला.

संध्याकाळी गोदाघाटावर गेलो.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पोरं सूर मारत होती.
गावाचा पूर त्याच्या अंगावर मोजतात,
गुडघा, कंबर, छाती.
मी सकाळचं पाणी माझ्यावर मोजू लागलो.
फक्त हात वर होता.