अंदाजे टाका

पुण्याहून फोन येतो दुपारी तीन वाजता,
जळगाव एमआयडीसीचा पत्रा तडतडत असताना.
“मॅडम, तुमच्या प्लांटचा एक रकाना रिकामा दिसतोय.”
दिसणारच. मीच ठेवलाय.
“अंदाजे टाका ना. सगळेच टाकतात.”

टाकतात.
आपल्या भाषेत कचराही टाकतात
आणि आकडाही.

आमचा कारखाना चटईचा.
वर्षभरात प्लास्टिकचा दाणा आला आठशे बारा टन,
चटया होऊन बाहेर गेला सातशे एकाहत्तर.
उरले एक्केचाळीस: काठांची कात्रणं, तुटका धागा,
यंत्र सुरू होताना ओकतं ते काळे गोळे.
त्यातले एकोणतीस टन सहाशे किलो कागदावर सापडले.
अकरा टन चारशे किलो सापडत नाहीत.
वजन असलेली वस्तू नाहीशी होत नसते,
हे आठवीत भारंबे सरांनी फळ्यावर लिहून
दोनदा खाली रेघ मारली होती.

म्हणून वह्या काढल्या.
गेटवर हसनभाई तडवी लिहितात: ३ गोणी, १ अर्धी.
स्टोअरमध्ये किलो.
रात्रपाळीचा झोपे (आडनावच ते, हसू नका)
घमेली मोजतो.
भंगारवाल्याच्या पावतीवर नुसतं ‘माल’ आणि रुपये.
एकच चुरा, कुठे कातरण, कुठे वेस्ट, कुठे ‘इतर’,
आणि श्रावणातल्या पानांवर तर नावच नाही,
फक्त बरोबरच्या खुणा.
काय बरोबर होतं, कुणालाच आठवत नाही.

मग मी गोणीच काट्यावर ठेवली.
कात्रणाची भरली एकोणीस किलो,
गोळ्यांची त्रेचाळीस.
म्हणजे हसनभाईंची ‘अर्धी’
नऊही असेल, बावीसही.
पाच वर्षं आम्ही त्या अर्धीला
तीस धरून अहवाल पाठवला,
चकचकीत, हिरव्या कव्हराचा,
पान सतरावर एका रोपट्याचा फोटो.

द्वारकाबाई सपकाळे निवडायला बसते, बारा वर्षं झाली.
मी गोण्यांवर तारीख लिहीत होते तर म्हणाली,
“हाऊ हिसाब कोनले देना शे, ताई?”
म्हटलं, पुण्याला.
ती “हां” म्हणाली,
मांडीवरचा चुरा झटकला
आणि मला कंपाउंडच्या मागे घेऊन गेली.

तिथे नाला. नाल्याकाठी वेडी बाभूळ.
बाभळीला मोरपंखी धागे, लाल धागे,
एक पिवळा, उन्हाने पांढरा पडलेला.
वाऱ्याने सगळे एका बाजूला झुकत होते.
“हा मागल्या दिवाळीचा,” ती म्हणाली,
“हा त्याच्या आधीचा, ती डिझाइन बंद झाली.”
बोट ठेवून ठेवून सांगत गेली,
जणू रजिस्टरच वाचतेय.
खाली एक करडू लाल धागा चघळत होतं.
मी तो ओढून काढला. वीतभर होता. खिशात ठेवला.
बाभूळ काट्यावर चढत नाही.
नाला पुढे कुठल्या नदीला मिळतो
ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

संध्याकाळी रकान्यात लिहिलं: माहीत नाही.
कॉम्प्युटर म्हणाला, फक्त अंक चालतील.
शून्य टाकून पाहिलं.
लगेच हिरवं झालं.
इतकं झटकन हिरवं
खानदेशात मे महिन्यात काहीच होत नाही.

शून्य खोडलं. अकरा पूर्णांक चार लिहिलं.
खाली विचारलं: कुठे गेलं?
निवडा: विक्री, पुनर्वापर, जाळणे, भराव.
बाभूळ त्या यादीत नव्हती.

आज सकाळपासून काटा दारातच मांडलाय.
शेजारी एकच वही, सुतळीने खिळ्याला बांधलेली,
चौघांसाठी एक.
झोपे कुरकुरला. हसनभाईंनी चष्मा शोधला.
फोन वाजतोय, पुण्याचाच असेल.
बाहेरून द्वारकाबाईची हाक येते:
“सतरा आठशे!”
अंदाजे अठरा, माझा हात लिहायला जातो.
थांबतो.
सतरा आठशे.